वाचकांचे प्रश्न : स्वत्याग म्हणजे नेमके काय सोडायचे?

ईस्टरआधीचा उपवासकाळ जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. यंदा निम्म्याहून अधिक पत्रे त्यागाविषयी आहेत, आणि त्यातली बरीच शरीराविषयी. ज्यांनी नाव छापू नका असे कळवले त्यांचीच नव्हे, सगळ्यांचीच नावे गाळली आहेत.

‘स्वतःला नाकारा, दररोज क्रूस उचला’ असे येशू म्हणतो (लूक ९:२३). म्हणजे माझ्या सगळ्या इच्छा पाप आहेत का? आमच्याकडे प्रवचनात तसेच ऐकू येते. — वाचक, अहिल्यानगर

इच्छा पाप नाहीत. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने ‘हा प्याला टळू दे’ असे मागितले आणि मग निर्णय पित्यावर सोपवला (मार्क १४:३६). इच्छा होती, ती त्याने लपवली नाही, पण शेवटचा शब्द तिला दिला नाही. स्वत्यागाचा याहून नेमका नमुना बायबलमध्ये शोधून सापडणार नाही.

क्रूसाबद्दलही थोडा घोळ आहे. आपल्याकडे गुडघेदुखी, नळाला न येणारे पाणी आणि सासू हे तिन्ही ‘माझा क्रूस’ या सदरात मोडतात. ज्यांनी हे शब्द प्रथम ऐकले त्यांना क्रूस म्हणजे रोमी सत्तेने बंडखोरांना आणि गुलामांना देण्याची शिक्षा, एवढेच ठाऊक होते. आणि हे वचन येते कुठे? आपल्याला दुःख सोसावे लागेल, मारले जाईल, असे येशूने सांगितल्यानंतर लगेच. म्हणजे येशूच्या मागे चालल्यामुळे जी किंमत पडते आणि जी आपण आपणहून पत्करतो, तो क्रूस. आजारपण किंवा गरिबी हे संकट आहे. ते श्रद्धेने सोसता येते, पण ते हटवण्याचा प्रयत्न करणे हाही धर्मच आहे.

आमच्या मते कुठल्याही त्यागाला आधी एक प्रश्न विचारावा : मी सोडतो आहे ते माझे आहे का? वडिलांनी त्याग म्हणून घरातल्या सगळ्यांचे दूध बंद केले, तर तो मुलांच्या वाट्याचा त्याग झाला. दुसरा प्रश्न : सोडलेली गोष्ट चांगली आहे असे मी अजूनही मानतो का? विवाह किंवा अन्न मुळातच हलके समजून ते सोडायला लावणाऱ्यांना १ तीमथ्य ४ मध्ये सरळ खोटे शिक्षक म्हटले आहे. इ.स. ३४० च्या सुमारास गांग्रा येथे (आजच्या तुर्कस्तानातले चान्किरी) बिशपांची सभा भरली, ती याच कारणासाठी. तिथले काही कडवे तपस्वी विवाहित धर्मगुरूच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेत नव्हते, मांस खाणाऱ्यांना तारण नाही म्हणत होते, रविवारीही उपास करत होते, आणि तपाच्या नावाखाली स्वतःची मुले वाऱ्यावर सोडत होते. सभेने या प्रत्येक गोष्टीचा स्वतंत्र नियम करून निषेध केला. ब्रह्मचर्याची मात्र स्तुती केली, जर ते नम्रतेने पाळले तर.

तिसरा प्रश्न यशया ५८ मधून येतो : सुटलेली भाकरी भुकेल्यापर्यंत पोहोचली का?

राखेच्या बुधवारी किती खायचे? मासे चालतात का? रविवारी सूट असते का? मला मधुमेह आहे, वय ५६. — वाचक, वसई

कॅथलिक नियम पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये सोपे केले, आणि थोड्या बदलांनी तेच आजच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात (कलमे, म्हणजे कॅनन, १२४९ ते १२५३) आहेत. उपासाचे दिवस दोनच : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पोटभर जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे. थोडेसे म्हणजे किती, याचा साधा अंदाज असा की ते दोन्ही अल्पोपाहार एकत्र केले तरी एक जेवण भरू नये. पाणी आणि औषध कधीच मोजत नाहीत. उपास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत, मांसवर्ज्य १४ पूर्ण झाल्यापासून पुढे कायम. शुक्रवारी मांसाऐवजी दुसरे काय सोडायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे, म्हणून आपल्या धर्मप्रांताची सूचना पाहावी.

मासे, अंडी, दूध नियमात बसतात. पण शुक्रवारी कोंबडी सोडून पापलेट तळणे म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. नियम मोडला नाही एवढेच, सोडले काहीच नाही. ज्याला मासळी जास्त आवडते त्याने मासळी सोडावी.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार पुनरुत्थानाचे म्हणून वगळले की ४० उरतात. त्यामुळे रविवारी उपास नसतो. तुम्ही स्वतःहून सोडलेला चहा रविवारी घ्यायचा की नाही, हे मात्र तुमचे तुम्ही ठरवा, फक्त पहिल्या दिवशीच ठरवा. तिसऱ्या रविवारी चहाच्या पातेल्यासमोर उभे राहून ठरवू नका.

आता मधुमेह. आजाऱ्याला उपासाचे बंधन नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असताना जेवण टाळले तर साखर झपाट्याने खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली किंवा साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. आणि उपासासाठी गोळी आपल्या मनाने बंद करणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलू नका. त्याऐवजी त्या दिवशी टीव्ही, मोबाइलवरच्या मालिका, बाहेरचे खाणे सोडा आणि एका जेवणाचे पैसे बाजूला काढा. हा दुय्यम दर्जाचा उपास आहे असे मनात आणू नका.

प्रार्थनासभेला जाऊ लागल्यापासून माझ्या पतीने ‘आता मी देहाचा त्याग केला’ असे जाहीर केले आहे. आठ महिने झाले. मला विचारलेही नाही. मी काही म्हटले तर मीच देहाच्या आहारी गेलेली ठरते. — विवाहित वाचक, नाशिक

तुमच्या पतींना १ करिंथ ७:३ ते ५ उघडून दाखवा. पौल स्वतः अविवाहित होता आणि अविवाहित राहणे चांगले असे त्याचे मत होते, म्हणून या ओळींचे वजन अधिक. तो म्हणतो, पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे आणि पत्नीच्या शरीरावर पतीचा. त्या काळात यातले पहिले वाक्य ऐकून लोक दचकले असतील. वेगळे राहायचे तर तीन अटी : दोघांची संमती, ठरावीक मुदत आणि प्रार्थनेचा हेतू. मुदत संपली की पुन्हा एकत्र या, असे तो स्पष्ट सांगतो. तुमच्या घरात यातली एकही अट पाळलेली नाही. तुमच्या पतींनी जे सोडले त्यातला निम्मा वाटा तुमचा होता, आणि तो सोडायचा अधिकार त्यांना नव्हता.

याच ओळींचा उलटा वापरही होतो, तोही इथेच खोडून काढू. ‘शरीरावर अधिकार’ म्हणजे नको म्हणणाऱ्या जोडीदारावर जबरदस्ती करण्याचा परवाना नव्हे. अधिकार दोघांचा सारखाच आहे म्हटल्यावर एकाने तो बळाने वसूल करण्याला जागाच उरत नाही. आजारपण, बाळंतपण, थकवा, मनावरचा ताण यांपुढे थांबणे हा विवाहातला रोजचा स्वत्याग आहे, आणि त्याला प्रार्थनासभेची गरज लागत नाही.

कसे बोलायचे? रात्री, खोलीत, वाद चालू असताना बोलू नका. दिवसा, शांत वेळी तीनच गोष्टी विचारा : हे किती दिवसांसाठी, कशासाठी, आणि मला यात काय वाटते ते तुम्हाला ऐकायचे आहे का. उत्तर टाळाटाळीचे आले तर पाळक किंवा धर्मगुरूंकडे दोघांनी मिळून जा. पुरुष अचानक दूर होतो त्यामागे कधी कधी मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा नैराश्यही असते, आणि लाज वाटते म्हणून ‘त्याग’ हा शब्द पुढे केला जातो. डॉक्टरकडे एक फेरी मारण्याने नुकसान काहीच नाही.

आम्हाला दोन मुले आहेत. कॅथलिक म्हणून आम्हाला नैसर्गिक पद्धतीने कुटुंबनियोजन करायचे आहे. तारखा मोजून केले, पण फसलो. — जोडपे, मुंबई

तारखा मोजण्याची जुनी पद्धत फसतेच, कारण ती मागच्या महिन्यांवरून पुढचा महिना गृहीत धरते आणि पाळी घड्याळ पाहून येत नाही. स्त्रीबीज १२ ते २४ तास टिकते, शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे गर्भ राहू शकेल असे दिवस साधारण सहाच, पण ते नेमके कोणते हे प्रत्येक महिन्यात नव्याने ओळखावे लागते.

त्यासाठी दोन खुणा एकत्र पाहतात. पहिली स्राव : कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट, ताणला जाणारा, निसरडा स्राव ज्या दिवशी शेवटचा जाणवला तो शिखराचा दिवस. त्यानंतर पूर्ण तीन दिवस सोडायचे. दुसरी तापमान : सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, रोज एकाच वेळी, किमान तीन तास सलग झोप झालेली असताना. बीज सुटल्यावर तापमान आधीच्या सहा दिवसांपेक्षा साधारण ०.२ अंश सेल्सिअस किंवा अधिक चढते आणि चढलेलेच राहते. असे तीन दिवस मिळाले की मगच निश्चिंत. दोन्ही खुणांपैकी जी उशिरा पूर्ण होईल ती धरायची. ताप, रात्रपाळी, जागरण, दारू यांनी तापमानाचा आकडा बिघडतो. संसर्ग असेल तर स्रावाची खूण बिघडते. बाळंतपणानंतर आणि चाळिशीनंतर दोन्ही अवघड होतात. म्हणून पुस्तक वाचून सुरू करू नका. प्रशिक्षित जोडप्याकडून शिका आणि किमान तीन पाळ्या त्यांच्याकडून नोंदी तपासून घ्या. दवाखान्यात किंवा धर्मप्रांताच्या कुटुंबसेवा केंद्रात चौकशी केली तर असे शिक्षक सापडतात.

पण ही पद्धत मोडण्याचे खरे कारण बहुतेकदा वेगळे असते. थर्मामीटर तिने लावायचा, तक्ता तिने भरायचा, ‘आज नको’ हेही तिनेच म्हणायचे, आणि रुसायचे त्याने. मग त्याग एकाचा आणि पहारा दुसऱ्याचा असा प्रकार होतो. तक्ता पतीने भरावा. आकडा त्यानेच लिहिला की ‘आज नको’ त्यालाच दिसते आणि निम्मी भांडणे जागच्या जागी मिटतात.

२५ जुलै १९६८ च्या परिपत्रकात पोप पॉल सहावे यांनी कृत्रिम साधने नाकारली, मात्र गंभीर कारणांसाठी गर्भ न राहणाऱ्या काळांचा आधार घ्यायला मुभा दिली. अँग्लिकन बिशपांनी १९३० च्या लँबेथ परिषदेत काही अटींवर साधनांना वाट मोकळी केली होती, आणि आज बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या हा निर्णय जोडप्याच्या विवेकावर सोडतात. मिश्र विवाह असेल तर हा फरक लग्नाआधी बोलून घ्यावा.

वय २३. मोबाइलवरच्या अश्लील चित्रफिती सुटत नाहीत. दर आठवड्याला कन्फेशन, दर आठवड्याला तेच. उपास वाढवला, जमिनीवर झोपलो. उपयोग शून्य. — वाचक, पुणे

जमिनीवर झोपण्याने पाठ दुखते, सवय तशीच राहते. शरीराला शिक्षा करून वासना मरत नाही, हे कलस्सै २:२३ मध्ये जवळजवळ याच शब्दांत सांगितले आहे. सुरुवातीच्या शतकांत काहींनी स्वर्गाच्या राज्यासाठी षंढ झालेल्यांविषयीचे वचन (मत्तय १९:१२) अक्षरशः घेऊन स्वतःला खच्ची केले. ३२५ च्या निकिया परिषदेचा पहिलाच नियम असा की ज्याने धडधाकट असताना स्वतःला असे करून घेतले त्याला धर्मगुरू होता येणार नाही.

सवयीचा नकाशा काढा. दोन आठवडे फक्त लिहा : कोणत्या वेळी, कुठे, त्याआधी काय झाले होते. बहुतेकांच्या नोंदीत वासना कमी आणि थकवा, एकटेपणा, अपमान, कंटाळा जास्त सापडतो, आणि वेळ रात्री अकरानंतरची. मग त्याग तिथे करायचा. फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला, गजराला साधे घड्याळ. ज्या ॲपवरून वाट फुटते ते ॲप काढून टाकायचे, मग ते कितीही निरुपद्रवी असो. एका विश्वासू मित्राला सांगायचे, पण तपशील नाही, फक्त ‘आज कठीण जाते आहे’ एवढा निरोप. घसरलात तर त्याच रात्री झोपा आणि सकाळी नेहमीची प्रार्थना करा. ‘आता पडलोच आहे तर’ म्हणून पुढचे तीन तास घालवणे, तिथे सर्वांत जास्त नुकसान होते.

कन्फेशनबद्दल : नियमित एकाच धर्मगुरूंकडे जा, म्हणजे त्यांना प्रवास दिसेल. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ हस्तमैथुनाला गंभीर चूक मानतो, पण जडलेली सवय, अपरिपक्वता, मानसिक ताण यांनी दोष बराच कमी होऊ शकतो, हेही त्याच परिच्छेदात (२३५२) आहे. प्रोटेस्टंट शिक्षकांत यावर एकमत नाही, मात्र अश्लील चित्रफितींबद्दल आहे, कारण पडद्यावरचा माणूसही कुणाच्या तरी नफ्यासाठी वापरला जात असतो. सहा महिने प्रामाणिकपणे करूनही झोप, अभ्यास, नोकरी बिघडत असेल तर समुपदेशक गाठा. एक किरकोळ सूचना : व्यभिचाराची आज्ञा कॅथलिक मोजणीत सहावी आणि बहुतेक प्रोटेस्टंट मोजणीत सातवी येते. दुसऱ्या पंथाचे पुस्तक वाचताना गोंधळू नका.

नवरा मारतो. घरचे म्हणतात हाच तुझा क्रूस. — वाचक

नाही. मार खाणे हा क्रूस नव्हे, तो त्याचा गुन्हा आहे. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा हक्क कॅनन ११५३ देतो, आणि वाट पाहण्यात धोका असेल तर आधी परवानगीही लागत नाही. वेगळे राहिल्याने ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मिळतो, त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. कागदपत्रे, थोडे पैसे आणि मुलांचे दाखले एका पिशवीत घालून माहेरी किंवा मैत्रिणीकडे आजच ठेवा.

मी २७ वर्षांचा आहे आणि मला पुरुषांचेच आकर्षण वाटते. आईला सांगितले. ती म्हणते लग्न कर, सगळे ठीक होईल, देवासाठी एवढा त्याग कर. — वाचक, नागपूर

लग्नाने आकर्षण बदलत नाही. आणि या ‘त्यागा’ची किंमत एक मुलगी मोजणार आहे जिला काही माहीत नाही. तेव्हा पहिली गोष्ट, लपवून लग्न करू नका. कॅथलिक चर्चमध्ये असे फसवून घेतलेले संमतीचे शब्द विवाह अवैध ठरण्याचे कारण होऊ शकतात (कॅनन १०९८), पण कायद्याआधी तो त्या मुलीवर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट, आकर्षण वाटणे याला कुठलेही जबाबदार ख्रिस्ती शिक्षण पाप म्हणत नाही. पुढे मात्र मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि भारतातल्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या लैंगिक संबंध स्त्री-पुरुष विवाहापुरताच मानतात, म्हणून तुमच्याकडून संयमाची अपेक्षा करतात. हीच अपेक्षा त्या अविवाहित, विधवा, विधुर या सगळ्यांकडून करतात, निदान करायला हवी. कॅथलिक धर्मशिक्षण (२३५८) अन्यायकारक भेदभाव टाळा असेही बजावते. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने २०१५ पासून समलिंगी विवाह लावायला सुरुवात केली. तिथले लोकही हेच बायबल वाचतात. त्यांच्या मते १ करिंथ ७ मध्ये पौल ब्रह्मचर्याला दान म्हणतो, आणि दान सरसकट सगळ्यांवर लादता येत नाही. हा वाद आमच्या सदरात मिटणारा नाही. पण जे चर्च संयम मागते त्याने बदल्यात काय द्यायचे, हे आम्ही सांगू शकतो : सणाच्या दिवशी जेवायला बोलावणारी घरे, आजारपणात रात्री थांबणारा माणूस, मुलांच्या धर्मशिक्षणवर्गात संशयाशिवाय मिळणारी जबाबदारी. एकट्याला संयम सांगून आपण दार लावून घेणे, हा त्याग त्याच्या माथी मारणे झाले.

‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्या शिबिरांपासून आणि डॉक्टरांपासून लांब राहा. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नाही असे जाहीर केले आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ गैरवर्तन ठरवले. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत, म्हणून पोलिसांची धमकी कुणी दिली तर घाबरू नका. कुणाशी बोलायचे असेल तर लक्षात ठेवा : कन्फेशनमध्ये सांगितलेले धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाहीत, कार्यालयात खुर्चीवर बसून सांगितलेल्याला गुप्ततेचे तेच बंधन नसते. मन फार खचले तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, मराठीतून, विनामूल्य.

मुलगी जन्मली तेव्हा फार आजारी होती. ‘वाचली तर देवाला देईन, धर्मभगिनी करीन’ असा शब्द मी दिला होता. आता ती १९ वर्षांची आहे आणि नको म्हणते. — आई, वसई

मुलीवर काहीच बंधन नाही. नवस ज्याने केला त्यालाच बांधतो (कॅनन ११९३). तिचे आयुष्य तुमच्या हातातली वस्तू नव्हती, त्यामुळे ती देवाला देण्याचा शब्दही तुमचा नव्हता.

धर्मभगिनी होण्याची वाट मुद्दामच लांब ठेवली आहे, ती अशा घाईसाठीच. नवशिक्षणाला १७ पूर्ण हवीत, ते निदान १२ महिन्यांचे, मग तात्पुरती व्रते सर्वसाधारणपणे तीन ते सहा वर्षे, आणि कायमची व्रते २१ पूर्ण झाल्याशिवाय नाहीत. दबावाखाली किंवा भीतीपोटी घेतलेली व्रते चर्च वैधच मानत नाही. म्हणजे तुम्ही तिला ढकलून पाठवले असते तरी उपयोग नव्हता.

उरला तुमचा स्वतःचा शब्द. तुमच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटा. खासगी नवसातून मोकळे करण्याचा अधिकार त्यांना आहे (कॅनन ११९६). किंवा तुम्ही स्वतःच त्याऐवजी तितकीच किंवा त्याहून मोठी, पण स्वतःची, अशी एखादी गोष्ट देऊ शकता. दर महिन्याचा एक दिवस आजारी मुलांच्या वॉर्डात, किंवा एका मुलीच्या शिक्षणाची फी. काय ठरले ते मुलीला सांगा. इतकी वर्षे ते तिच्याही डोक्यावर होते.